कॅम्प नंबर तीन

कल्याणहून बदलापूरला जाणारा हा रस्ता मी पत्त्यांवरून वाचत आलो आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासित राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. नाव नदीचे, बराकीत उल्हास कुठला! पत्ता मात्र ‘कॅम्प नंबर तीन’, ‘चार’ असाच राहिला. पुढे अंबरनाथला विम्को नाका लागतो, काडेपेटीच्या कारखान्याचा. मग चिखलोलीची औद्योगिक वसाहत, बदलापूर. रुळांपलीकडे वालधुनीकाठी शके ९८२चे शिवमंदिर. त्याचा काळ शिलालेखाने सांगितला. छावणीचा काळ सांगायला रिक्षावाला पुरतो. ‘उल्हासनगर’ म्हटले की तो विचारतो, “किती नंबर?”