दोन खोक्यांतली एक गाडी

आमच्या चिरंजीवांना लहानपणापासून वस्तू मोडण्याची आवड आहे. वयाबरोबर ती कमी होईल असं आम्हांला वाटलं होतं. ती वाढली. पूर्वी ते आम्ही आणलेलं खेळणं मोडत. नोकरी लागल्यापासून स्वतःच्या पगारातून आणून मोडतात, एवढाच काय तो फरक.

एका रविवारी साहेब दोन मोठाली खोकी घेऊन आले. किंमत सांगितली नाही, म्हणजे ती सांगण्यासारखी नव्हती. खोक्यावर झकपक मोटारीचं चित्र. आत मात्र मोटार नाही, प्लॅस्टिकच्या चौकटी. झाडाला कैऱ्या लगडाव्यात तशी त्यांना चाकं, दारं, बंपर, आरसे लगडलेले. सोबत एक कागद, त्यावर एक ते वीस अशा क्रमाने कृती. मला बरं वाटलं. चौतीस वर्षं मी कचेरीत परिपत्रकाबरहुकूम वागलो आहे. क्रमांक घातलेला कागद दिसला की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

चिरंजीवांनी तो कागद चार घड्या घालून चहाच्या कपाखाली ठेवला. मग एका खोक्यातल्या मोटारीचं छत करवतीने कापलं, दुसरीचं नाक कापलं आणि एकीचं नाक दुसरीला लावून बघितलं.

"अरे, हे काय चाललंय?"

"किटबॅशिंग, बाबा. दोन-तीन किटचे भाग एकत्र करून आपली वेगळीच गाडी करायची."

"बॅश म्हणजे धोपटणं ना?"

"हो."

"मग ते आम्ही योग्य वयात तुझ्या बाबतीत करायला हवं होतं," असं स्वयंपाकघरातून आलं. आमच्याकडे निकाल तिथूनच लागतात.

तरी शत्रूचा अभ्यास असावा म्हणून मी त्याच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून वाचून काढली आणि पहिल्याच दिवशी चकित झालो. या छंदाचा उगम छंदात नाही, धंद्यात आहे!

मोटारींचं गाव डेट्रॉइट. तिथे 1948 साली 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज', थोडक्यात एएमटी, नावाची कंपनी निघाली. खऱ्या मोटारी विकणाऱ्या दुकानदारांसाठी ती तंतोतंत छोट्या प्रतिकृती करी. रंगसुद्धा खऱ्या गाडीचाच. हेतू उघड होता. बाप किंमत ऐकून घाम पुसतो आहे आणि पोरगं ती छोटी गाडी छातीशी धरून बसलं आहे, अशा वेळी बापाची काय टाप आहे 'विचार करून सांगतो' म्हणण्याची? लवकरच ॲल्युमिनियम जाऊन प्लॅस्टिक आलं. नाव मात्र तेच राहिलं. सुरुवातीचं प्लॅस्टिक असं होतं, की काही वर्षांत गाडी माझ्यासारखी कमरेत वाकायची.

तिकडे इंग्लंडात निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने 1939 मध्ये एअरफिक्स काढली. आधी हवा भरलेली रबरी खेळणी, मग प्लॅस्टिकचे कंगवे. डोकी विंचरता विंचरता 1949 मध्ये काम आलं फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या छोट्या प्रतिकृतीचं, तेही ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना हातात धरून दाखवण्यासाठी. हे ट्रॅक्टर जोडत बसणं फार महाग पडतं असं ध्यानात आलं, तेव्हा ते सुट्या भागांतच विकायला काढले. म्हणजे कारखान्याचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलं, वर पैसेही घेतले आणि त्याला छंद हे नाव मिळालं. अशी युक्ती आमच्या कचेरीत कुणाला सुचली असती, तर अर्ज भरणाऱ्यांकडूनच आम्ही फायली लावून घेतल्या असत्या.

पण खरा घोटाळा केला तो 1958 साली एएमटीनेच. त्यांनी 'एकात तीन' अशी खोकी काढली. एकाच खोक्यात तीन तऱ्हांचे भाग: हवी तर कारखान्यातून निघते तशी साधी गाडी जोडा, हवी तर नटवी, नाहीतर शर्यतीची. आता गाडी तर एकच होणार. मग उरलेल्या दोन गाड्यांच्या जाळ्या, चाकं, एक्झॉस्टचे पाइप यांचं काय करायचं? कुठल्याही संस्कारी घरात करतात तेच अमेरिकन पोरांनी केलं. एका डब्यात टाकून ठेवले, पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून. आमच्या आईचा बटणांचा डबा असाच आहे. त्यात आजोबांच्या कोटाचं बटण आहे. कोट नाही, आजोबा नाहीत, बटण आहे. असा डबा भरला की माणसाला स्वस्थ बसवत नाही. उरलेल्या लुगड्यांची गोधडी होते, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो, तशी उरलेल्या तुकड्यांची नवी गाडी होणारच.

शिवाय गिरवायला कित्ता होता. कॅलिफोर्नियात जॉर्ज आणि सॅम बॅरिस हे दोघे भाऊ खऱ्या गाड्यांशी हेच करत होते. छत कापून बुटकं करायचं, दारांच्या मुठी काढून टाकायच्या, एकीचा दागिना दुसरीला घालायचा. 1951 ची एक मर्क्युरी त्यांनी बॉब हिरोहाता नावाच्या तरुणासाठी 1952 मध्ये अशी काही नटवली की ती अजून प्रसिद्ध आहे; तिच्या कुशीवरची चकचकीत पट्टी ब्यूक गाडीची होती. ज्यांच्याजवळ गाडी नव्हती, लायसन नव्हतं आणि वयही नव्हतं, अशा पोरांनी तेच प्रकार जेवणाच्या टेबलावर सुरू केले. पुढे कंपनीने जॉर्ज बॅरिसलाच किटच्या कामाला जोडून घेतलं. बंडखोराला पगार सुरू केला की तो शिस्तीत येतो, हे सर्व देशांत सारखंच.

मग गंगा उलटी वाहिली. टॉम डॅनियल नावाच्या चित्रकाराने 1968 मध्ये मोनोग्राम कंपनीसाठी 'रेड बॅरन' नावाची किट काढली. गाडीला छत म्हणून चक्क जर्मन शिपायाचं शिरस्त्राण! ती इतकी खपली, की पुढच्याच वर्षी तिच्यावरून खरीखुरी, चालणारी गाडी बांधली गेली. आधी खेळणं, मग मोटार. आणि 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधली ती अजस्र अंतराळयानं? रणगाडे, विमानं, मोटारी यांच्या शेकडो किटमधले तुकडे चिकटवून त्यांची अंगं भरली होती. सारं जग 'ओहो' म्हणून बघत होतं, तेव्हा किटबॅशवाले मागच्या रांगेतून बोट दाखवत म्हणत असणार, "ते बघ, रणगाड्याचं चाक!"

इतका इतिहास वाचल्यावर मी त्याच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसू लागलो. 'फक्त बघायला,' असं मी हिला सांगितलं. कितीतरी गोष्टी कळल्या. या प्लॅस्टिकचा डिंक आपल्या डिंकासारखा दोघांच्या मध्ये बसत नाही. तो दोन्ही कडा जराशा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर सांधा असा उरतच नाही. (लग्न जमवणाऱ्यांनी या द्रव्याचा विचार करावा.) चौकटीची रिकामी काडी टाकून द्यायची नाही, मेणबत्तीवर धरून मऊ झाली की हळूच ताणायची. केसासारखा धागा निघतो, त्याची एरियल होते, इंजिनाच्या वायरी होतात. फटी लांबीने बुजवायच्या, घासायच्या, पुन्हा बुजवायच्या.

सर्वांत मोठं भांडण प्रमाणाचं. डेट्रॉइटवाल्यांची प्रतिकृती खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाची, तर मोनोग्रामची आणि जपानच्या तामियाची चोविसाव्या. फूटपट्टीवाल्यांना चोवीस सोयीचे, एका फुटाला बरोबर अर्धा इंच. चार मीटरच्या आसपासच्या गाडीत दोन्हींचा फरक पाऊण सेंटिमीटरदेखील होत नाही. पण चोविसातलं छत पंचविसातल्या गाडीवर ठेवलं की ते थोरल्या भावाच्या टोपीसारखं दिसतं. मला याचं नवल वाटलं. आम्ही दिवाळीत किल्ला करायचो, त्यात मावळा बुरुजाहून उंच, वाघ मावळ्याहून मोठा आणि सिंहासनावरचे महाराज या सर्वांहून मोठे. कुणाची तक्रार नसे.

"पण तू ही गाडी करतोयस तरी कुठली?" एकदा मी विचारलं.

त्याने ड्रॉवरमधून एक फोटो काढला. काळापांढरा. फियाटच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले आमचे अण्णा.

"आजोबांची. हिची किट काही मला मिळाली नाही. म्हणून तर दोन आणली."

कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट निघाली. तीच नावं बदलत पुढे प्रीमियर पद्मिनी झाली; मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली. अण्णांनी 1974 मध्ये एक डिलाइट घेतली ती तिसऱ्या हाताची. गाडीचा बिचारीचा काही दोष नव्हता. अण्णा तिला झाडांवर घालत. मग कुर्ल्याच्याच भंगार बाजारातून भाग येत. बंपर एकीचा, दिवे दुसरीचे. चिरंजीवांनी आज टेबलावर चालवलेला उद्योग अण्णांनी एकास एक प्रमाणात तेव्हाच केला होता.

"रंग कुठला होता?"

"क्रीम."

"सगळा? हे डावं दार फोटोत गडद दिसतंय."

मी थोडा वेळ गप्प बसलो. ते दार निळं होतं. सबंध ठाण्यात त्या दाराने आमची गाडी ओळखू येई. मी सातवीत असताना अण्णांना शाळेच्या एक गल्ली अलीकडे गाडी थांबवायला सांगत असे. 'इथून चालत जातो, व्यायाम होतो,' असं म्हणत असे. अण्णा 'बरं' म्हणत. कुठल्याही मुलाला व्यायामाची इतकी आवड नसते, हे त्यांना कळत नसेल असं मी पुढे कितीतरी वर्षं समजत होतो.

"निळं," मी म्हणालो. त्याने निळा रंग कालवला. "जरा फिकट," मी म्हणालो. मग स्टिअरिंगशेजारचा गिअर, मागचे ते इवलेसे पंख, सारं सांगत सुटलो. दोन महिने लागले. एका जपानी गाडीचं छत, एका इटालियन गाडीच्या कुशी, काडीच्या धाग्यांची पुढची जाळी. एक गोष्ट तेवढी मी सांगितली नाही. सगळंच कशाला सांगायचं?

तयार झाल्यावर गाडी आईच्या हातात दिली. आईला सत्त्याऐंशी पूर्ण झाली आहेत. तिने चष्मा लावला, गाडी उजेडाकडे धरली, चारी बाजूंनी फिरवली. निळ्या दारावरून अंगठा फिरवला. आम्ही दोघं परीक्षेचा निकाल ऐकायला उभे.

"छान झालीय रे," ती म्हणाली, "पण सुतळी राहिली."

"कसली सुतळी, आजी?"

"अरे, हे दार मेलं कधी लागलंच नाही. सुतळीने बांधलेलं असायचं. खंडाळ्याच्या घाटात मी एका हाताने दार धरायची आणि दुसऱ्या हाताने तुझ्या बापाला." तिने माझ्याकडे पाहिलं. "याने सांगितलं नाही?"

मी खिडकीबाहेर बघत होतो.

चिरंजीव काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातून सुतळीचा तुकडा आणला, त्याचा पीळ उलगडून एकच तंतू वेगळा काढला आणि चिमट्यात धरून माझ्यापुढे केला.

"प्रमाणात आहे का बघा, बाबा. गाठ कुठे मारायचे?"

मी चष्मा काढला, पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.