तप्त धातू आणि तेलाची धार

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांतील फिरत्या भट्टीत माल सुमारे 1450 अंशांपर्यंत तापतो. भट्टी एकदा तापली, की आत फुंकलेली कोळशाची पूड तिच्या धगीनेच पेटत राहते. काडी ओढण्याचे कारण उरत नाही. भट्टीत जे इष्ट, तेच विमानाच्या इंजिनात अनर्थकारक होय. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे केरोसीन. प्रयोगशाळेत बंद पात्रात ते ठिणगीवाचून सुमारे 210 अंशांस पेट घेते. वाहत्या हवेत त्याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते हे खरे; परंतु जेट इंजिनाच्या तप्त भागांत ती उष्णता नित्याचीच असते.

12 ऑक्टोबर 1976 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल जातीचे विमान मुंबईहून मद्रासकडे निघाले. उड्डाण होते न होते तोच उजवे इंजिन फुटले. हवा दाबणाऱ्या यंत्रातील दहाव्या श्रेणीच्या चकतीस सततच्या ताणाने तडा गेलेला होता. त्या चकतीचे तुकडे कवच फोडून बाहेर पडले, इंधनाची नळी तुटली आणि आग भडकली. चालकांनी विमान परत विमानतळाकडे वळविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॅराव्हेलला इंजिने दोन. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर उतरता यावे, अशीच त्याची योजना. शिवाय दोन्ही इंजिने शेपटाजवळ, म्हणजे उतारूंपासून दूर. तडा घातक खरा, पण घात पुरा केला तो द्रवांनी. आधी इंधन पेटले. मग सुकाणू हलविणारे दाबाचे तेल त्या आगीत गेले. विमान धावपट्टीच्या अलीकडे असतानाच चालकांच्या हातचे नियंत्रण सुटले व ते कोसळले. त्यातील 95 जणांपैकी एकही वाचला नाही.

वेगाने फिरणाऱ्या चकतीचा तुकडा अडवील असे कवच विमानास पेलणारे नाही. म्हणून महत्त्वाच्या नळ्या शक्यतो चकतीच्या फेऱ्याबाहेरून नेतात आणि सुकाणूची व्यवस्था एकाच तेलावर विसंबून ठेवीत नाहीत. इंजिनाभोवती अग्निरोधक भिंत असते. चालकाच्या हाताशी एक मूठ असते. ती ओढताच इंधन भिंतीपलीकडेच अडते. नळीत उरलेले तेल मात्र त्यानंतरही ठिबकतच राहते. त्याचा थेंब तप्त धातूवर न साचता बाहेर पडावा, एवढ्यासाठी आवरणाच्या तळाशी निचऱ्याची लहान भोके ठेवलेली असतात.