गूम

गूम : रशियाची राजधानी मॉस्को येथील प्रसिद्ध आच्छादित बाजारसंकुल. शहराच्या मध्यभागी असलेल्या लाल चौकाच्या पूर्वेस, क्रेमलिनच्या तटासमोर ते उभे असून त्याची दर्शनी बाजू सु. २४२ मी. लांब आहे. मूळ नाव ‘वरच्या बाजाररांगा’. ‘गूम’ हे नाव सोव्हिएट काळातील असून ‘राज्य सर्ववस्तुभांडार’ अशा अर्थाच्या रशियन शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे.

या जागी कित्येक शतके व्यापाऱ्यांच्या दुकानांच्या रांगा होत्या. नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी १८१२ मध्ये लागलेल्या आगीत मॉस्कोचा बराच भाग भस्मसात झाला. त्यानंतर ओसिप बोव्हे या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार येथे नव-अभिजात शैलीची नवी इमारत बांधण्यात आली. तथापि तिची मालकी अनेक दुकानदारांत विभागलेली असल्याने दुरुस्तीची जबाबदारी कोणीच घेईना. आगीच्या धास्तीने आत दिवा वा शेगडी पेटविण्यास मनाई असे. त्यामुळे हिवाळ्यात अंधार पडताच व्यवहार थांबत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारत मोडकळीस आली, तेव्हा मालकांना एकत्र आणून भागभांडवली कंपनी स्थापन करण्यात आली. जुन्या मालकांची मने वळविणे हेच या कामातील सर्वांत अवघड अंग ठरले.

नव्या वास्तूसाठी घेतलेल्या स्पर्धेत अलेक्सांद्र पोमेरांत्सेव्ह यांचा आराखडा पहिला आला. १८९० मध्ये बांधकामास प्रारंभ होऊन १८९३ च्या डिसेंबरात बाजाराचे उद्‌घाटन झाले. बाह्यांग जुन्या रशियन वास्तुशैलीचे अनुकरण करणारे असून शेजारची क्रेमलिन व सेंट बेसिल ही वास्तू लक्षात घेऊन ते योजिले आहे. वास्तूचे खरे वैशिष्ट्य मात्र आत आहे. एकमेकींना समांतर असे तीन लांब मार्ग, त्यांच्या दोन्ही अंगांस तीन मजली गाळे, वरच्या मजल्यांवर सज्जे व ते जोडणारे पूल अशी तिची रचना आहे. या मार्गांवरील काचेचे छत व्ह्लदीमिर शूखव्ह या अभियंत्याने योजिले. लोखंडाच्या बारीक कमानींना तिरकस ताणदांड्यांनी आधार दिल्याने जड खांबांची गरज उरली नाही; बर्फाचा भार पेलूनही छत पारदर्शक व हलके दिसते. मॉस्कोसारख्या दीर्घ हिवाळ्याच्या शहरात, कडाक्याच्या थंडीपासून बचाव करून भर दिवसाच्या उजेडात खरेदी करता येणे ही सोय लहान नव्हती. १९१७ पर्यंत येथे सु. १,२०० दुकाने होती.

ऑक्टोबर क्रांतीनंतर खाजगी व्यापार संपुष्टात आला आणि इमारतीत अन्नपुरवठा खात्याची कचेरी आली. १९२१ मध्ये लेनिनच्या नव्या आर्थिक धोरणान्वये बाजारास पुन्हा वाव मिळाला आणि ‘गूम’ची स्थापना झाली. व्ह्लदीमिर मायकोव्हस्की या कवीने १९२३ मध्ये त्याच्यासाठी जाहिरातींचा मजकूर लिहिला. त्यांची चित्रमांडणी अलेक्सांद्र रोदचेंको या चित्रकाराची होती. क्रांतीचा पुरस्कर्ता कवी दुकानाची जाहिरात लिहितो, यात त्या काळास विसंगती वाटली नाही. स्टालिनच्या काळात, १९३० च्या सुमारास, दुकाने बंद होऊन येथे पुन्हा शासकीय कार्यालये आली. स्टालिनची पत्नी नाद्येज्दा अलिलूयेवा हिचा १९३२ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा तिचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी याच इमारतीत ठेवले होते. १९३४ मध्ये अवजड उद्योगांच्या खात्याच्या प्रचंड भवनाकरिता स्पर्धा घेण्यात आली. ते भवन उभे राहिले असते, तर गूम जमीनदोस्त झाले असते. योजना कागदावरच राहिली व वास्तू वाचली.

मार्च १९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाल्यावर ग्राहकोपयोगी वस्तूंकडे लक्ष देण्याचे धोरण स्वीकारले गेले. इमारतीची दुरुस्ती होऊन २४ डिसेंबर १९५३ रोजी ती पुन्हा ग्राहकांना खुली झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक येथे खरेदीस येत. इतरत्र न मिळणारा माल येथे कधीमधी मिळे. रांगा लावणे हा त्या खरेदीचा अविभाज्य भाग होता. मात्र उच्चपदस्थांसाठी त्याच इमारतीत एक वेगळा विभाग असे. तेथे सामान्य नागरिकास प्रवेश नव्हता. समतेच्या घोषणेशी या व्यवस्थेचा मेळ बसत नव्हता, हे उघड आहे.

सोव्हिएट संघ १९९१ मध्ये विघटित होण्याच्या सुमारास गूमचे खाजगीकरण झाले. इमारत मात्र राज्याच्या मालकीची असून कंपनी ती भाडेपट्ट्याने वापरते. २००५ मध्ये बॉस्को दि चिलिएजी या रशियन व्यापारी कंपनीने बहुसंख्य भाग घेतले. आद्याक्षरे तीच ठेवून ‘राज्य’ या अर्थाच्या शब्दाच्या जागी ‘मुख्य’ या अर्थाचा शब्द योजण्यात आला, त्यामुळे पाटी बदलावी लागली नाही. पुढे येथे पाश्चात्त्य चैनीच्या वस्तूंची दुकाने प्रामुख्याने आली. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये त्यांतील अनेकांनी आपली दारे बंद केली.