फुटबॉलचं पंचांग

गणपती गेले की काही दिवसांत भाच्याचा फोन ठरलेला. "मामा, यंदाचा आलाय. घेऊ का?" त्याला माझं मत हवं असतं असं नाही. "आधी मामाला विचार" असं ताईने सांगितलेलं असतं, एवढंच. दर वर्षी मी "घे रे" म्हणून मोकळा होतो.

२०२५ च्या सप्टेंबरात 'ईए स्पोर्ट्स एफसी २६' आला तेव्हा मात्र अडकलो. कारण फोन ताईने घेतला आणि विचारलं, "दर वर्षी नवीन म्हणजे नक्की काय नवीन असतं रे? आणि ते पॅक का काय म्हणतो हा, त्याचे वेगळे पैसे पडतात का?" प्रश्न दोनच आणि तेही साधे. पण उत्तर देता येईना. मग ठरवलं की आधी स्वतः खेळून बघायचं आणि नंतर सांगायचं. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथे लिहितोय. ताई, वाचशीलच.

तर मंडळी, सुरुवातीपासून.

या मालिकेतला पहिला खेळ आला डिसेंबर १९९३ मध्ये, सेगाच्या मेगा ड्राइव्हवर. मैदान तिरपं दिसायचं. संघ फक्त देशांचे, आणि खेळाडूंची नावं चक्क बनवलेली! 'फिफा' हे नाव तेवढं खरं. पुढच्या वर्षी क्लब आले. खरे खेळाडू आले 'फिफा ९६' मध्ये, कारण तेव्हा खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी, म्हणजे फिफप्रोशी, करार झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमची ओळख झाली ती 'रोड टू वर्ल्ड कप ९८' पासून. आम्ही कोल्हापूरचे. बाकी महाराष्ट्र क्रिकेटवर वाढला असेल, पण आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉल. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे पावलं आपोआप वळायची आणि दोन पेठांतले मित्र दोन दिवस एकमेकांशी बोलायचे नाहीत. अशा गावात एका मित्राच्या घरी कंप्युटर आला आणि त्यावर हा खेळ. (सीडी कुठून आली ते विचारू नका.) एका कीबोर्डवर दोघं खांद्याला खांदा लावून बसायचो. जास्त बटणं एकदम दाबली गेली की कंप्युटर आतून टूं-टूं करायचा आणि गोल हुकला की दोष त्या टूं-टूंचा.

त्या खेळात १७२ देशांचे संघ होते. आम्ही पहिल्यांदा काय शोधलं असेल? भारत. सापडला! समोर ब्राझील घेतला आणि सडकून हरलो. पण 'आपण आहोत' याचाच आनंद इतका की परत तोच सामना लावला. वर्ल्डकपला पात्र न ठरलेला आपला देश या पडद्यावर तरी पात्रता फेरीपासून सुरुवात करू शकत होता. सुरुवातीला वाजणारं ब्लरचं गाणं कळायचं नाही, पण त्यातलं 'वू-हू' अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

त्या वयात युरोपातला फुटबॉल आम्हाला कळला तो या खेळातून. रोनाल्डो इंटरला गेलाय, अमुक क्लब तमुक शहरातला आहे, हे सगळं तिथून. भूगोलाचे सर जे शिकवू शकले नाहीत ते 'फिफा'ने शिकवलं. :)

पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की एक दुसरा पंथही आहे. कोनामीचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर'. त्यात चेंडू खरा वाटायचा, पण नावं खोटी. मँचेस्टर युनायटेडचं 'मॅन रेड', लिव्हरपूलचं 'मर्सीसाइड रेड'. रात्र-रात्र वाद चालायचे : खरी नावं आणि पत्त्यासारखा उडणारा चेंडू, की खोटी नावं आणि खरा चेंडू? दशकाच्या शेवटी 'फिफा'ने खेळातही गाठलं आणि मागे टाकलं. 'फिफा १०' मध्ये खेळाडूला आठच दिशांऐवजी कुठल्याही कोनात चेंडू नेता येऊ लागला तेव्हा आमच्यातले कट्टरही गपचूप इकडे आले. कोनामीने शेवटी २०२१ मध्ये नाव बदलून 'ईफुटबॉल' केलं, खेळ फुकट केला, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीची जगभर टिंगल झाली. स्पर्धकच असा लंगडा झाल्यावर जिंकणारा किती जीव तोडून धावेल?

आता ताईचा पहिला प्रश्न. नवीन काय असतं?

खरं सांगायचं तर बरेचदा फार थोडं. निन्टेंडो स्विचवर 'फिफा २०' ते 'फिफा २३' अशी सलग चार वर्षं 'लेगसी एडिशन' आली. म्हणजे खेळ जुनाच, कपडे आणि खेळाडूंच्या याद्या तेवढ्या नव्या. कोनामीनेही २०२० मध्ये तेच केलं, पण त्याला सरळ 'सीझन अपडेट' म्हटलं आणि किंमत कमी ठेवली. 

यावरून मला आपलं पंचांग आठवलं. दर वर्षी आपण नवीन घेतो. 'यंदा छपाईत काय सुधारणा?' असं कोणी विचारत नाही. वर्ष नवीन आहे, तिथी नवीन आहेत, तेवढं पुरतं. या खेळाचंही तसंच. कोण कुठल्या क्लबात, कोण चढला, कोण उतरला, याची ही वार्षिक नोंद. 'फिफा २२' मध्ये इंडियन सुपर लीग आली तेव्हा मी चाळिशीकडे झुकलेला माणूस मुंबई सिटी विरुद्ध एफसी गोवा लावून एकटाच हसत बसलो होतो. त्यात कुठलं तंत्रज्ञान नव्हतं. फक्त नोंद होती, पण आपली होती.

मालिकेचं नाव गेलं तेव्हाही हेच दिसलं. मे २०२२ मध्ये ईए आणि फिफाची फारकत जाहीर झाली. 'फिफा २३' शेवटचा, आणि २०२३ पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी'. लोकांना वाटलं संपलं. काही संपलं नाही, कारण खेळाडू, लीग, क्लब यांचे करार वेगळे होते. वर सांगितलेला फिफप्रोचा धागा तो हाच. फिफाकडून येत होतं ते मुख्यतः नाव आणि वर्ल्डकप.

पण पंचांगाची उपमा एका ठिकाणी तुटते. जुनं पंचांग माळ्यावर राहतं. २०२३ मध्ये नवं नाव आलं तेव्हा ऑनलाइन दुकानांतून जुने 'फिफा' खेळ उतरवले गेले. आणि 'अल्टिमेट टीम'मध्ये वर्षभर जमवलेले खेळाडू पुढच्या वर्षीच्या खेळात येत नाहीत. सप्टेंबर आला की पुन्हा शून्य.

इथे ताईचा दुसरा प्रश्न. 'अल्टिमेट टीम' आली मार्च २००९ मध्ये, 'फिफा ०९' ची पुरवणी म्हणून. खेळाडूंचे पत्ते पाकिटातून निघतात. पाकीट खेळून मिळवा किंवा पैसे देऊन. आत कोण आहे ते नशीब. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात ईएला आपल्या खेळांतल्या या प्रकारातून १६२ कोटी डॉलर मिळाले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये याला जुगार ठरवलं आणि जानेवारी २०१९ पासून ईएने तिथे पाकिटांसाठीचे पॉइंट विकणं थांबवलं. उलट नेदरलँड्समधल्या वरच्या न्यायालयाने २०२२ मध्ये ईएचा दंड रद्द केला. म्हणजे कायद्याचंही एकमत नाही. माझं मात्र आहे. लहानपणी आम्ही जत्रेत चिठ्ठी फोडायचो तेव्हा खिशात आठ आणे असायचे आणि ते संपले की घरी. इथे खिसा आईबापाचा आणि जत्रा वर्षभर.

'एफसी २६' ने नकळत हे कबूलच केलंय असं मला वाटतं. त्यात खेळण्याच्या दोन चाली आहेत. 'कॉम्पिटिटिव्ह' ही ऑनलाइन स्पर्धेसाठी, वेगवान. 'ऑथेंटिक' ही घरी एकट्याने कारकीर्द खेळणाऱ्यासाठी, संथ आणि खऱ्या सामन्यासारखी. मी दुसरी खेळलो. चेंडू अडतो, पास चुकतात, शून्य-शून्यही होतं. शाहू स्टेडियमवर चिखलात पाहिलेल्या सामन्यांची आठवण झाली, आणि कित्येक वर्षांनी यातला एखादा खेळ मनापासून आवडला. पहिली चाल भाच्याची आहे, मला झेपली नाही. एकाच डबीत दोन खेळ आहेत, आणि कुठला खेळायचा यावर उत्तर अवलंबून आहे.

तर ताई, उत्तर असं. खेळ घे, पण दर वर्षी नको, एक वर्षाआड घे. तिथ्या थोड्या शिळ्या झाल्या तर आकाश कोसळत नाही. पाकिटांना पैसे द्यायचे नाहीत, त्यासाठी कन्सोलवर खर्चाची मर्यादा शून्य करता येते, ते मी येऊन करून देईन. आणि त्याला सांग, दर रविवारी एक सामना माझ्याशी. एकाच सोफ्यावर, खांद्याला खांदा लावून.

मी हरणार हे नक्की. दोष द्यायला आता टूं-टूंही उरलेलं नाही.