‘बग’ : काजूवरील ढेकण्यापासून संगणकापर्यंत

सावंतवाडी परिसरात थंडीच्या दिवसांत काजूला कोवळी पालवी आणि मोहर फुटू लागला, की बागायतदारांना ‘ढेकण्या’ची धास्ती वाटू लागते. इंग्रजीत हाच कीटक ‘टी मॉस्किटो बग’ म्हणून ओळखला जातो. तो डास नव्हे, आणि त्याचा उपद्रव केवळ चहापुरता मर्यादितही नाही. लांब पाय व मिशा यांमुळे तो डासासारखा भासतो, इतकेच. त्या नावातील नेमका शब्द एकच; ‘बग’.

इंग्रजी बोलण्यात कोणताही बारीक कीटक ‘बग’ ठरतो. कीटकशास्त्रात मात्र सोंडेने रस शोषणाऱ्या हेमिप्टेरा गणातील कीटकांनाच ही संज्ञा आहे. त्यामुळे ‘लेडीबग’ हा बग नसून भुंगेरा होय. उलट अंथरुणातील ढेकूण, आंब्यावरील तुडतुडे आणि ढेकण्या एकाच गणातील. ढेकूण व ढेकण्या यांचे नाते तर त्याहून जवळचे. मराठी नाव येथे इंग्रजीपेक्षा अधिक अचूक आहे, असेच म्हणावे लागेल.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ढेकण्याची पिल्ले व प्रौढ कोवळी फूट, मोहर आणि लहान फळे यांतील रस शोषतात. सोंड खुपसलेल्या जागी काळपट चट्टे पडून फूट वाळते, मोहर करपल्यासारखा दिसतो. हा बुरशीचा रोग समजून केवळ बुरशीनाशक फवारले, तर कीड तशीच राहते आणि हंगाम हातचा जातो. म्हणूनच पालवी, मोहर व फळधारणा या तिन्ही अवस्थांत बागेवर लक्ष ठेवावे लागते. पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या या किडीच्या नैसर्गिक शत्रू आहेत. चावतात म्हणून त्यांचा नायनाट करणे बागायतदाराच्याच अंगलट येते.

इंग्रजीत हा शब्द कीटकांपुरता राहिलेला नाही. किरकोळ संसर्ग, चोरून संभाषण ऐकण्याचे छुपे यंत्र, एखाद्या गोष्टीचे वेड, या साऱ्यांना ‘बग’च म्हणतात. संगणकीय दोषाला हे नाव ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क-२’ संगणकाच्या रिलेत सापडलेल्या पतंगावरून पडले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात थॉमस एडिसन यांनी यंत्रातील दोषासाठी हा शब्द १८७८ मध्येच वापरला होता. शिवाय, शास्त्रीय अर्थाने पतंग हा ‘बग’ नव्हेच! मराठीत कीड दाताला, धान्याला आणि व्यवस्थेलाही लागते. संगणकाच्या दोषासाठी मात्र ‘बग’ हाच शब्द रुळला.