खापर कुणाच्या माथी?

मूल चारचौघांसारखे नसले, की पहिले बोट उठते ते आईकडे. गरोदरपणी हिने ग्रहण पाळले नाही, हिने पोराला फार लाडावले, नाही तर ही नोकरीच्या मागे लागली आणि पोर एकटे पडले! कारणे काळाप्रमाणे बदलतात. बोट मात्र तेच राहते. ही चाल अडाणी लोकांची, असे कुणी समजत असेल, तर त्याने स्वमग्नतेचा, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात त्या अवस्थेचा, इतिहास वाचावा. हेच बोट तेथे जगन्मान्य पंडितांनी उगारलेले दिसेल. ते खाली कुणी आणले, हेही दिसेल.

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तेथील फॉरेस्ट ह्या लहानशा गावी १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट ह्याचा जन्म झाला. वडील वकील, आईचे माहेर गावातल्या बँकवाल्यांचे. दोन वर्षांच्या आतबाहेरच मूल गाणी बिनचूक गुणगुणू लागले आणि धर्मग्रंथातील स्तोत्र तोंडपाठ म्हणू लागले. आईबापांना केवढे कौतुक वाटले असेल! परंतु हेच मूल हाक मारली तर मान वळवीत नसे. कुणी घरी आले काय नि गेले काय, त्याला सारखेच. भांडी आणि लाकडी ठोकळे गरगर फिरवण्यात त्याचा वेळ जाई; ते कुणी थांबवले, की थयथयाट. बोलताना 'मी'च्या जागी 'तू' म्हणे.

१९३७ साली, वयाची चार वर्षेही पुरी नसताना, त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. त्या काळी वैद्यांचा सल्ला बहुधा असाच असे : मूल संस्थेत द्या आणि संसाराला लागा. तेथे पोर अधिकच निश्चल झाले. वर्षभराने आईबापांनी त्याला परत आणले. वडिलांनी तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर ह्यांना पाठवले आणि १९३८ च्या ऑक्टोबरात मुलाला त्यांच्यापुढे उभे केले.

कॅनर ह्यांनी पुढे अशी आणखी दहा मुले पाहिली. १९४३ मध्ये त्यांनी अकरा मुलांवर, आठ मुलगे आणि तीन मुली ह्यांच्यावर, एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पहिले मूल म्हणजे डोनाल्ड. मॉस्कोच्या डॉ. ग्रुन्या सुखारेवा ह्यांनी अशाच काही मुलांचे वर्णन १९२५ मध्येच केले होते. पण ते फारसे कुणाच्या ध्यानी राहिले नाही. नाव गाजले ते कॅनर ह्यांच्या निबंधाचे.

त्या निबंधात दोन गोष्टी शेजारीशेजारी होत्या. एक अशी, की इतरांशी भावनेने जोडले जाण्याची ही अडचण जन्मजात असावी. दुसरी अशी, की ह्या मुलांच्या आईबापांत मायेचा ओलावा असणारे थोडेच दिसले. पहिली गोष्ट मागे पडली आणि दुसरीला पंख फुटले. खुद्द कॅनर ह्यांनीच १९४९ मध्ये, ही मुले जणू शीतकपाटात ठेवल्यासारखी वाढली, अशा अर्थाची उपमा दिली. त्यातून 'शीतकपाटातील आई' हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे शिकागोचे ब्रुनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ साली मोठा ग्रंथ लिहिला. नाझींच्या छळछावण्यांतून ते स्वतः गेलेले होते. तेथील कैदी जसा मनाने आत मिटून जातो, तसे हे मूल मातेच्या नकारामुळे मिटते, असा त्यांचा सिद्धान्त. ग्रंथ गाजला. मुलाला आईपासून तोडणे हाच उपचार ठरू लागला.

ह्या विचारातील चूक कोठे होती? त्या काळी बाल्टिमोरच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचणार कोण? शिकलेली, पैसेवाली, मोजके बोलणारी माणसे. गरिबांची मुले तेथवर गेलीच नाहीत. दुसरे असे, की जे मूल हाकेला ओ देत नाही, कुशीत शिरत नाही, त्याची आई तीनचार वर्षांत थकून अबोल होणार नाही तर काय? लोकांनी छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असे म्हणण्यापैकीच हा प्रकार.

तथापि पंडितांपुढे बोलणार कोण? बोलला तो एक बाप. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. १९५६ साली त्यांना झालेला मुलगा असाच निघाला. आपल्या पत्नीच्या मायेत काय उणे आहे, हे त्यांना कळेना. त्यांनी ह्या विषयावर मिळेल ते वाचले आणि १९६४ मध्ये ग्रंथ लिहिला. मातेच्या दोषाला पुरावा नाही, ह्या अवस्थेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे, असे त्यांनी त्यात मांडले. त्याला प्रस्तावना लिहिली ती कॅनर ह्यांनीच! ग्रंथाच्या अखेरीस पालकांसाठी एक प्रश्नावली होती. ती भरून ठिकठिकाणचे आईबाप लिहू लागले, एकमेकांना सापडू लागले. १९६५ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९६९ साली ह्याच संघटनेच्या सभेत वृद्ध कॅनर ह्यांनी आईबापांना उघडपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये इंग्लंडात सूझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर ह्यांनी एकवीस जुळ्यांच्या जोड्या अभ्यासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या अकरापैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती; साध्या जुळ्यांच्या दहांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. मूळ जन्मजात आहे, ह्याचा हा सबळ पुरावा. लंडनच्या डॉ. लोर्ना विंग, ज्या स्वतः अशा मुलीची आई होत्या, त्यांनी पुढे दाखवून दिले, की हा एकच साचा नव्हे. इंद्रधनुष्याच्या रंगांसारख्या ह्याच्या अनेक छटा आहेत.

आणि डोनाल्डचे काय झाले? १९४२ मध्ये त्याला गावापासून काही मैलांवर एका शेतकरी दांपत्याकडे ठेवले. आईबापांचे जाणेयेणे राहीच. त्या जोडप्याने मानसशास्त्र वाचले नव्हते. मुलाला मोजमापाचा छंद लागला, तेव्हा त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हा मोजी. तर नांगर हाती दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हटले. १९४५ मध्ये कॅनर तेथे गेले, तेव्हा मुलगा घोडा जुंपून सफाईने नांगरत होता. छंद मोडायचा नाही, त्याला काम जोडून द्यायचे, ही त्या शेतकऱ्याची विद्या आजही जुनी झालेली नाही.

डोनाल्ड १९५८ मध्ये पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, एकटा देशोदेशी हिंडून आला. पुढे पत्रकार त्याची माहिती काढायला आले, तेव्हा, त्याला त्रास दिलात तर गाठ आमच्याशी आहे, असे गावकऱ्यांनीच त्यांना बजावले. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. घरचा पैसा आणि मान त्याच्या उपयोगी पडला, हे खरेच. शिवाय सगळीच मुले इतकी पुढे जात नाहीत. कित्येकांना शब्द फुटत नाही, कित्येकांना जन्मभर आधार लागतो. परंतु गावाने त्याला आपला मानले, ह्याला पैसा पडत नाही.

आपल्याकडेही वाट आईबापांनीच पाडली. दिल्लीत मेरी बरुआ ह्या मातेने १९९१ मध्ये ह्या मुलांसाठी काम उभे केले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती स्वतंत्रपणे मोजली गेली. पण बोट उगारणे थांबलेले नाही. लस टोचल्याने हे होते, असा एक निबंध १९९८ मध्ये इंग्लंडात निघाला. २०१० मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला, तरी अफवा हिंडतेच आहे. आता तर आईने मोबाइल हाती दिला म्हणून असे झाले, हेही कानी येते.

मूल दीडदोन वर्षांचे होऊनही नजर देत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर 'उशिरा बोलतात काही मुले' म्हणून वाट पाहू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. हे हमखास बरे करणारे औषध नाही, आणि तसे सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून दूर राहावे. मात्र बोलण्याचे शिक्षण, हातापायांना वळण लावणारे व्यायाम, चित्रांच्या पाट्या, दिवसाचा ठरीव क्रम आणि उद्या काय होणार ह्याची आगाऊ कल्पना, ह्यांनी पुष्कळ फरक पडतो.

ह्या दिवाळीत एखाद्या घरी फटाक्यांच्या आवाजाने कानांवर हात घेऊन ओरडणारे मूल दिसेल. ते हट्टी नाही. तो आवाज त्याला खरोखरच सोसत नाही. आपल्या अंगणातली माळ त्या घरापासून दूर न्यावी. फराळाला त्या घरच्या मंडळींना बोलवावे आणि मूल पंगतीतून उठून कोपऱ्यात जाऊन बसले, तर बसू द्यावे. त्याच्या आईला उपदेश करू नये. तिने तो पुष्कळ ऐकलेला असतो. तिच्या हातचे काम घटकाभर आपण घ्यावे, म्हणजे झाले.