देशनामावरून मद्याची पारख

मद्याचा आस्वाद व त्याचें वर्णन ही पाश्चात्त्यांची विद्या होय, असा समज आपल्याकडे रूढ आहे. संस्कृत ग्रंथ पाहतां तो टिकत नाहीं, असें आमचें मत आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ८४ आसवें गणिलीं असून त्यांची वांटणी धान्य, फळ, मूळ, पुष्प, साल इत्यादि नऊ उगमांवरून केली आहे. नवें मद्य जड, तर जुनें हलकें व रुचिकर, हा भेदहि तेथें आहे. चिकित्सास्थानांत मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण आदि दहा गुण सांगून ते ओजाच्या दहा गुणांच्या उलट असल्याचा इशारा दिला आहे. रसिकता व सावधपणा यांची तेथें फारकत नाहीं.

कौटिल्य आणखी पुढें जातो. सुराध्यक्षप्रकरणीं द्राक्षरसाच्या मद्यास तो 'मधु' म्हणतो, आणि त्याचा देश हेंच त्याचें वर्णन, असें सांगून कापिशायन व हारहूरक हीं नांवें देतो. कापिशी म्हणजे अफगाणिस्थानांतील आजचें बेग्राम. तिच्या नांवावरून 'कापिशायन' शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र रचिलें आहे. देशाचें नांव उच्चारतांच चव ध्यानीं यावी, इतके जाणते लोक तेव्हां होते, हें यावरून दिसतें.

आतां बुलढाणा जिल्ह्याकडे वळूं. त्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं मोह आढळतो. हाच संस्कृतांतील मधूक. चरकाच्या दहा पुष्पासवांत त्याची गणना आहे. परंतु कापिशायनासारखें देशनाम त्यास चरकानें वा कौटिल्यानें दिलें नाहीं. याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, द्राक्षमद्य व्यापाऱ्यांबरोबर दूरदेशीं गेलें. मोहाचें मद्य जेथें फूल पडलें तेथेंच प्यालें गेलें. जें वेस ओलांडीत नाहीं, त्यास गांवाचें नांव कोण लावणार?

नाशिकच्या द्राक्षमद्यास २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कौटिल्याचाच न्याय तो. मोहाच्या बाबतींत मात्र आधीं शब्द जमविले पाहिजेत. 'पहिल्या धारेची' हा बोलींतील एकच प्रयोग घ्या. त्यांत भट्टीची रीत व तीक्ष्णतेची पारख दोन्ही सांठविलीं आहेत. पायथ्याच्या गांवांतील कोरकू व निहाल वृद्धांच्या तोंडीं असे आणखी शब्द असल्यास ते संशोधकांनीं आतांच टिपून घ्यावे. वृक्ष पुन्हां लावतां येतो. बोलणारा गेला म्हणजे शब्द परत येत नाहीं.